रंजक पेटली, पण बार उडाला नाही : महादजी शिंदे यांचे चरित्र

यंदाच्या स्मरणिकेसाठी महादजी शिंदे यांच्यावर काही लिहा, असे मंडळाच्या कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी जरा कचरलो. इतिहास हा माझा विषय नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि बिघडलेली यंत्रे पाहण्यात वीस वर्षे गेली. मग ठरवले, महादजींचे चरित्र त्याच नजरेने वाचून पाहू. वाचले आणि वाटले, हा माणूस आपल्याच धंद्यातला. बिघाड दिसतो कुठे आणि असतो कुठे, यातला फरक त्याला कळत होता.

सुरुवात एका रायफलीपासून करतो. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक ही काही नवलाची वस्तू नाही. ओळखीतल्या एका घरी आजोबांच्या काळातली परदेशी लिव्हर रायफल होती. अशा रायफलीला चापाभोवती एक लोखंडी कडी असते, तीच लिव्हर. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि वर घेतली की खालच्या दुसऱ्या नळीतले नवे काडतूस उचलले जाऊन आत बसते. अमेरिकेत १८६० पासून हेन्रीच्या आणि पुढे विंचेस्टरच्या नावाने अशा रायफली निघाल्या.

या घरच्या रायफलीत काडतूस वर येईनासे झाले होते. लिव्हर बिघडली, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. कुणी तेल घातले, कुणी लिव्हर जोरात ओढून पाहिली. शेवटी एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी रायफल पूर्ण रिकामी केली. मग काडतुसे मागून त्यांची लांबी पाहिली. ती बरोबर निघाली. मालक लिव्हर शेवटपर्यंत ओढतात की अर्ध्यावर सोडतात, तेही पाहिले. ते ठीक होते. मग त्यांनी खालची नळी उघडली. आतली स्प्रिंग थकलेली होती आणि नळीत वर्षानुवर्षांचे तेल सुकून चिकट झाले होते. काडतूस जागेवर सरकतच नव्हते, तर उचलायचे काय? हाताला अडत होती लिव्हर, पण दोष होता मागच्या भरण्यात.

महादजींच्या काळी अशी रायफल नव्हती. बंदूक दर वेळी हाताने, तोंडाकडून भरावी लागे. पण भरण्यातला दोष तेव्हाही होता, आणि तो फक्त बंदुकीत नव्हता. तो दाण्यागोट्यात होता, दारूगोळ्यात होता, पगारात होता. महादजींचे सारे आयुष्य हा दोष शोधण्यात आणि काढण्यात गेले.

सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे हे पाटील घराणे. राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांच्या सेवेत वर चढले आणि माळव्यात उज्जैनला त्यांनी ठाणे केले. महादजी हे त्यांचे धाकटे पुत्र, जन्म १७३० च्या सुमाराचा. वारसा त्यांच्याकडे येण्याचे काही कारण नव्हते. पण वडील बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागौरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पाठोपाठ पानिपत आले.

पानिपतावर मराठ्यांकडे बंदुका कमी नव्हत्या. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि त्याचा तोफखाना होता, आणि त्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. कमी होते ते अन्न. दोन-अडीच महिने छावणी वेढल्यासारखी पडून होती. रसदीची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि वाट बंद झाली. माणसे उपाशी, घोडी उपाशी, बैल उपाशी. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज लढायला निघाली ती आधीच अर्धी मोडलेली होती. त्या रणात महादजींचे बंधू तुकोजी गेले, पुतणे जनकोजी पकडले जाऊन मारले गेले. पळताना महादजींना एका पठाणाने गाठले आणि त्यांचा पाय निकामी केला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या या जखमी तरुणाला राणेखान नावाच्या भिश्त्याने आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले आणि सरदार केले. महादजी जन्मभर लंगडत चालले.

माधवराव पेशव्यांच्या काळात शिंद्यांची सरदारी महादजींच्या हाती आली. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. पानिपतानंतर अकरा वर्षांनी हे घडले.

मग इंग्रज आले. राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. महादजींनी तिच्याशी मोठी लढाई घाईने दिली नाही. वाटेतली गावे रिकामी केली गेली, चारा आणि धान्य जाळले गेले. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा पुढे राख होती आणि मागची वाट मराठ्यांच्या स्वारांनी अडवलेली होती. इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या, रात्री माघार घेतली आणि वडगावला अडकून तह केला. त्यांच्या बंदुका उत्तम होत्या. शिपाई शिकलेले होते. पानिपतावर आपली जी गत झाली होती, ती या वेळी महादजींनी समोरच्यावर आणली.

पुढच्याच वर्षी उलटा धडा मिळाला, तोही आपल्या ग्वाल्हेरात. किल्ला तेव्हा महादजींच्या माणसांच्या ताब्यात होता. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉफमच्या शिपायांनी पायांना कापूस भरलेले गवती जोडे बांधून रात्री कडा चढला आणि हिंदुस्थानातला हा नामांकित किल्ला पहाटेच्या आत घेतला. १७८१ मध्ये शिप्रीच्या, म्हणजे आजच्या शिवपुरीच्या बाजूला कॅमकच्या फौजेने रात्री छापा घालून महादजींचा तळ उधळला. स्वार शूर होते, पण अंधारात ओळ धरून, हुकुमावर एकदम बार काढणाऱ्या पायदळापुढे त्यांचे काही चालले नाही.

पराभव झाल्यावर माणसे साधारणपणे दोन गोष्टी करतात. एक तर नशिबाला बोल लावतात, नाही तर शत्रूचे हत्यार विकत आणतात. महादजींनी आधी इंग्रजांशी बोलणे लावले. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी तह झाला आणि पेशवे व इंग्रज यांच्यामध्ये जामीन म्हणून महादजी उभे राहिले. १७८३ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला गोहदच्या राण्याकडून परत घेतला. आणि त्या लढाईच्या काळात राण्याच्या बाजूने नशीब काढू पाहणारा एक माणूस त्यांच्या नजरेत भरला. तो सॅव्हॉयचा, नाव बेन्वा द बॉयन. फ्रेंचांच्या आणि रशियाच्या फौजेत राहून मग हिंदुस्थानात आलेला. १७८४ मध्ये महादजींनी त्याला दोन पलटणी उभ्या करायला सांगितल्या. प्रत्येकीत सुमारे ८५० माणसे.

इथे जरा थांबून बंदुकीकडे पाहू, कारण पलटणी कशासाठी हव्या होत्या ते त्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडची जुनी बंदूक तोड्याची. जळती वात, म्हणजे तोडा, चापाने खाली येऊन रंजकीला लागे, रंजक पेटून कानातून आग आत जाई आणि बार उडे. पाऊस आला की तोडा विझे. शेजारी उभे राहावे तर एकाच्या तोड्याची ठिणगी दुसऱ्याच्या दारूत पडण्याची भीती, म्हणून माणसे विरळ उभी करावी लागत. दारू शिंगातून अंदाजाने ओतायची. युरोपी पलटणींकडे चकमकीची बंदूक होती, जिला उत्तरेत पथरकला म्हणत. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत. दारू आणि गोळी कागदाच्या काडतुसात मोजून बांधलेली असे. शिपाई काडतूस दातांनी फाडी, चिमूटभर दारू रंजकीच्या वाटीत टाकी, वाटी झाकी, उरलेली दारू आणि गोळी नळीत सोडून गजाने ठोके, घोडा चढवी आणि चाप ओढी. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी.

पण यात अडण्याच्या जागा पुष्कळ. गारगोटी झिजली की ठिणगी पडत नाही. दारू दमट झाली की पेटत नाही. काही बार झाले की नळीत काजळी जमते आणि गोळी खाली उतरत नाही. गज लाकडी असला तर घाईत मोडतो. आणि सगळ्यात फसवा दोष कानाचा. कान काजळीने बुजला की वाटीतली रंजक भसकन पेटते, धूर होतो, शिपायाला वाटते बार उडाला. प्रत्यक्षात आतला बार तसाच बसलेला असतो. गोंधळात तो वर दुसरा बार भरतो आणि मग नळी फुटून स्वतःच मरतो. कवायत याच्यासाठी असते. भरण्याची प्रत्येक पायरी हुकुमावर, हाताला सवय होईपर्यंत. दर थोड्या बारांनी कान सुईने मोकळा करायचा, गारगोटी पाहायची.

द बॉयनने हे सारे शिकवले. पण शिपायाने बंदूक नीट भरली म्हणजे काम झाले असे नाही, हे महादजींना लालसोटने दाखवून दिले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने त्यांना वकील-ए-मुतलक केले होते, म्हणजे मोगल कारभाराचे मुखत्यार. नाव मोठे, खजिना रिकामा. बादशाही फौजेच्या जुन्या हिंदुस्थानी पलटणी त्यांच्या हाताखाली आल्या, पण त्यांचे पगार थकले. जुलै १७८७ मध्ये जयपूर आणि जोधपूरच्या फौजांशी लालसोटला गाठ पडली. द बॉयनच्या दोन पलटणींनी राठोडांच्या स्वारांना बंदुकांच्या बारांनी मागे लोटले. पण पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसकट उठून समोरच्या बाजूला गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. जयपूरच्या वेशीवर पोचलेला माणूस पुढचे काही महिने चंबळच्या अलीकडे तग धरून राहिला.

लालसोटवर बंदुका उडाल्या होत्या. तरी लढाईचा बार फुकट गेला. त्याचा कान बुजला होता तो पगाराच्या ठिकाणी.

जून १७८८ मध्ये महादजींच्या फौजेने आग्र्यापाशी इस्माईल बेगाचा पराभव केला. त्याच वर्षी गुलाम कादिराने दिल्लीत शिरून बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या माणसांनी दिल्ली सोडवली आणि पुढे त्याला पकडून शिक्षा केली. मधल्या काळात द बॉयन नोकरी सोडून लखनौला व्यापाराला गेला होता. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावले आणि या वेळी काम मुळापासून केले.

दोन पलटणींच्या जागी दहा पलटणींचा पूर्ण कंपू ठरला. पुढे असे तीन कंपू झाले. पगारासाठी दुआबातला मुलूख वेगळा तोडून दिला, त्याला जायदाद म्हणत. त्या मुलखाचा वसूल थेट फौजेच्या खर्चाला, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ठाणे अलीगडला. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि चकमकीच्या बंदुका तयार होऊ लागल्या. एक बंदूक सुमारे १० रुपयांत पडे आणि ती युरोपातून आलेल्या बंदुकीच्या तोडीची असे. प्रत्येक पलटणीबरोबर तिच्या तोफा, दारूगोळ्याचे गाडे, बैल, लोहार आणि सुतार चालत. जखमी शिपायाला पैसे मिळत, कायमचा जायबंदी झालेल्याला निर्वाह मिळे. शिपाई रणात उभा असताना घरी चूल पेटते आहे याची त्याला खात्री असणे, हाही भरण्याचाच भाग होता. ज्याने पानिपतावर उपाशी फौज पाहिली, त्याच्याकडून हे होणे स्वाभाविक होते.

परिणाम लगेच दिसला. २० जून १७९० रोजी पाटण आणि १० सप्टेंबरला मेडता. मेडत्याला राठोड स्वार पहाटे जिवावर उदार होऊन आले. पलटणींनी पोकळ चौकोन केला आणि चारी बाजूंनी बार काढले. स्वार पुन्हा पुन्हा येत राहिले आणि पडत राहिले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण लालसोटला जे घडले ते या वेळी घडले नाही. चौकोनातला एकही शिपाई समोरच्या बाजूला गेला नाही.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. बादशहाकडून आणलेली वकील-ए-मुतलकीची सनद त्यांनी सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या प्रसंगी दिल्लीचा हा मुखत्यार पेशव्यांचे जोडे काखेत घेऊन खाली बसला आणि आपण वडिलोपार्जित पाटीलच आहोत असे वागला. लोक त्यांना पाटीलबाबा म्हणत. कुणी यात नम्रता पाहिली, कुणी मुत्सद्दीपणा, दोन्ही असावे. हा माणूस अभंगरचनाही करी आणि बीडच्या मन्सूरशाहांवर त्याची निष्ठा होती. पण पुण्यात त्याचे मुख्य काम हिशेबाचे होते. उत्तरेच्या मोहिमांत झालेला खर्च आणि डोक्यावरचे कर्ज यांचा निकाल लागावा म्हणून नाना फडणविसांशी त्यांची बोलणी चालू होती. उत्तर जिंकली, पण तिला पैसा कोण पुरवणार, हा प्रश्न सुटला नव्हता.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जून १७९३ मध्ये याच कंपूंनी लाखेरीच्या घाटात होळकरांच्या कवायती पलटणीचा फडशा पाडला. कण्हेरखेडचे शिंदे आणि होळचे होळकर, एकाच पेशव्यांचे दोन हात, एकमेकांवर बार काढत होते. बंदूक नीट भरली म्हणजे ती कुठे रोखायची हेही नीट ठरते, असे नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या तळावर महादजींचे निधन झाले. तिथेच त्यांची छत्री आहे. पोटी पुत्र नसल्याने दौलतराव दत्तक गादीवर आले, वय कोवळे.

नंतरची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण महादजींनी काय उभे केले होते ते तिच्यावरूनच नीट कळते. द बॉयन प्रकृतीच्या कारणाने युरोपात परतला. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध लागले तेव्हा शिंद्यांच्या तोफा आणि बंदुका उत्तम स्थितीत होत्या. पण इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या अंमलदारांना फोडले. पेराँ स्वतःच नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. सप्टेंबरमध्ये अलीगड पडले आणि दुआबाची जायदाद गेली. ऑक्टोबरमध्ये आग्रा पडले, कारखाना गेला. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला शिंद्यांच्या पलटणी जवळजवळ अंमलदारांवाचून उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी कापल्या गेल्या. हटल्या नाहीत. समोरच्या इंग्रज सेनापतीनेही त्यांची वाखाणणी केली. शिपाई तेच, बंदूक तीच. मागची नळी रिकामी झाली होती.

त्यानंतर दौलतरावांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तळाला लश्कर म्हणतात, म्हणून आपल्या गावाच्या या भागाचे नाव लश्कर पडले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे मूळ त्या छावणीबरोबर आलेल्या कारकून, शिलेदार, भट, वैद्य आणि कारागीर यांच्यात आहे. महादजी स्वतः कधी इथे राजधानी करून राहिले नाहीत. तरी आपण इथे आहोत ते त्यांच्यामुळे.

हे लिहिताना मंडळाच्या मागच्या बैठकीची आठवण झाली. नाटकाला मुले मिळत नाहीत, वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून बोलायला कुणी पुढे येत नाही, अशी तक्रार सगळ्यांनी केली, मीही केली. बक्षिसे वाढवावीत, ध्वनिव्यवस्था बदलावी, अशा सूचना आल्या. घरी आलो आणि मुलीला हाक मारली, तीही हिंदीत. दिवसभर कार्यालयात हिंदी, म्हणून घरीही तीच तोंडात बसली आहे. दहा दिवस मंडपात मराठी यावी असे वाटत असेल, तर उरलेले ३५५ दिवस ती घरातून यायला हवी. लिव्हर कितीही जोरात ओढली तरी नळीत नाही ते वर येत नाही.

यंदा मी घरापुरती सुरुवात केली आहे. जेवताना मराठीतच बोलायचे, असे ठरले आहे. पहिले चार दिवस जेवण फार शांततेत झाले. पाचव्या दिवशी मुलीने विचारले, बाबा, रंजक म्हणजे काय?

हा लेख तिला सांगता सांगताच लिहून झाला. गणपती बाप्पा मोरया!